दशांश : किती द्यायचा, आणि कोणासाठी?



दशांशाचा विषय निघाला की आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो : किती द्यायचे? बडनेऱ्यात या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. रेल्वेत नोकरी करणाऱ्याला महिन्याचा पगार ठरलेला असतो. त्याचा दहावा हिस्सा तो लगेच काढू शकतो. पण कोरडवाहू शेती करणाऱ्याने काय करावे? सोयाबीनची सोंगणी झाली, कापसाचा चुकारा मिळाला, तरी बियाणे, खत, मजुरी आणि कर्जाचा हप्ता दिल्यावर हाती काय उरेल, हे त्यालाही ठाऊक नसते. ज्या वर्षी काहीच उरले नाही, त्या वर्षी तो देवाचा देणेकरी ठरतो काय?

आपण पवित्र शास्त्राकडे वळू या. आब्राहामाने मलकीसदेकाला दहावा भाग दिला, तेव्हा तसा कोणताही नियम नव्हता. पुढे मोशेच्या नियमशास्त्रात दशांश आला, तो धान्य, द्राक्षारस, तेल आणि गुरेमेंढरे यांतून. म्हणजे शेताने आणि गोठ्याने जे दिले, त्यातला वाटा. आपल्याकडे पूर्वी खळ्यावर बलुतेदारांना धान्य मिळत असे, त्याची येथे आठवण होते. पीकच आले नाही, तर दशांश कशाचा काढणार? लेवी वंशाला जमिनीचे वतन नव्हते, म्हणून दशांश त्यांच्या निर्वाहासाठी होता. पण गणना या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात लेव्यांनाही आज्ञा आहे की, मिळालेल्यातून त्यांनीही दहावा भाग काढावा. घेणारासुद्धा देण्यातून सुटलेला नाही.

अनुवादाच्या 14व्या अध्यायात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश आपल्याच गावात ठेवायचा. लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी यावे आणि पोटभर खावे. येथे विधवेचे नाव देणाऱ्यांमध्ये नाही, घेणाऱ्यांमध्ये आहे.

आपण म्हणाल, प्रभू येशूने तर दोन नाणी टाकणाऱ्या गरीब विधवेची वाखाणणी केली. खरे आहे. पण मार्कच्या 12व्या अध्यायात त्याच्या अगदी आधी, विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांचा प्रभूने निषेध केला आहे. तिचे दान थोर आहे. तिच्याकडून वसुली करणे थोर नव्हे.

‘दशांश द्या, देव दुप्पट परत करील’ असे काही ठिकाणी ऐकायला मिळते, आणि भोळी माणसे उसनवारी करूनही देतात. त्यासाठी मलाखीच्या 3ऱ्या अध्यायाचा आधार घेतला जातो. पण त्याच अध्यायात मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांना, विधवा आणि अनाथ यांना छळणाऱ्यांना देवाने आधी इशारा दिला आहे. दान हा देवाशी केलेला सौदा नाही.

आज आपल्या ख्रिस्तसभेने दहावा हिस्सा सक्तीचा केलेला नाही. 1983 सालच्या धर्मसभेच्या कायद्यात, कलम 222 मध्ये, श्रद्धावंतांवर दोन कर्तव्ये सांगितली आहेत : ख्रिस्तसभेच्या गरजांना हातभार लावणे, आणि सामाजिक न्यायासाठी झटून स्वतःच्या मिळकतीतून गरिबांना साहाय्य करणे. ही दोन्ही कर्तव्ये एकत्रच पाळायची आहेत.

मग गरिबाने काहीच देऊ नये काय? तसे नाही. देण्याचा मान त्यालाही आहे. मिझोरामातील ख्रिस्ती घरांत, स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ प्रभूसाठी बाजूला ठेवण्याची प्रथा 1910 पासून आहे. मूठ प्रत्येकाची आपापल्या हाताएवढी असते, आणि कोणी ती मोजत नाही.

म्हणून या रविवारी आपण दोन गोष्टी करू या. ज्यांचे उत्पन्न ठरलेले आहे, त्यांनी घरच्यांसोबत बसून आपला वाटा ठरवावा. तो कोणाला सांगू नये. आणि आपण सर्वांनी आठवून पाहावे : आपल्या वस्तीत असे कोणते घर आहे, ज्याच्या चुलीसाठी तिसऱ्या वर्षीचा दशांश होता? त्या घरी आपण दानपेटी घेऊन न जाता शिदोरी घेऊन जाऊ या.

प्रभू आपल्या सर्वांच्या हातांना आशीर्वाद देवो, देणाऱ्या आणि घेणाऱ्याही.