चुंबळ

दापोलीकडच्या एका गावात दोन भाऊ होते. वाटणीत दोघांना सड्याचा एकेक तुकडा आला. वर वीतभर माती, खाली नुसता जांभा. दोघांनी सुरुंग लावून खड्डे काढले, तांबडी माती नि शेणखत भरलं. साल होतं 2003.

थोरल्याने रोपवाटिकेतून हापूसची कलमं आणली. निवडून निवडून सगळ्यांत उंच घेतली, छातीला लागतील अशी. पिशव्या फाडल्या नि लावून मोकळा झाला. धाकट्याने मात्र प्रत्येक खड्ड्यात रायवळच्या दोन-दोन कोयी पुरल्या.

"अरे, कोयी कसल्या पुरतोस? म्हातारा होशील," थोरला हसला.

"होईन की, दादा."

पावसात कोयी रुजल्या. वर चार तांबूस पानं दिसली, तेवढ्यात खाली सोटमूळ हातभर गेलं होतं. जांभा फोडायची ताकद मुळात नसते. त्याचं टोक कोवळंच. पण टोकाला टोपी असते. ती घासते, झिजते, पुन्हा नवी होते, आणि भेग सापडली की मूळ तिच्यात उतरतं. पुढच्या पावसाळ्यात धाकट्याने त्या रोपांवर जागच्या जागी हापूसच्या काड्या बांधल्या.

थोरल्याची झाडं पाचव्या वर्षी मोहरली. पहिल्या आंब्यांची पेटी त्याने धाकट्याकडे पाठवली. धाकट्याची पोरं विचारीत, "आपले कधी?"

3 जून 2020 ला 'निसर्ग' चक्रीवादळ आलं. दुपारभर सडा घोंगावत होता. वारा पडल्यावर पाहिलं, तर धाकट्याच्या झाडांच्या फांद्या मोडल्या होत्या, दोन झाडं उन्मळलीही होती. बाकीची बुंध्यावर उभी होती. थोरल्याची बाग आडवी झाली होती.

थोरला एका उपड्या झाडापाशी बसला. हाताने माती झाडली. बुंध्याखाली मुळांची वेटोळी होती, एकावर एक, कळशीखालच्या चुंबळीसारखी. घेर बरोबर पिशवीएवढा. बाजूला बारीक मुळं पसरली होती, पण खाली एकही गेलं नव्हतं. सर्वांत उंच कलमं म्हणजे पिशवीत सर्वांत जास्त दिवस राहिलेली कलमं, हे त्याला तेव्हा उमगलं.

दोष पिशवीचा नव्हता. कोवळेपणी, गुंडाळी सोडवून लावलेली कलमं याच सड्यावर तगतात. थोरल्याने उंची मोजली, ती कलमं किती दिवस कोंडलेली होती ते विचारलं नाही. माणसांचं मापही आपण बहुधा असंच, जमिनीच्या वरूनच घेतो.

आठवड्याने धाकटा कोयता घेऊन मदतीला गेला, तर थोरला ओट्यावर रायवळ चोखत बसलेला. सुपात धुतलेल्या कोयी ओळीने मांडल्या होत्या.

"म्हातारा तर झालोच," तो म्हणाला. "चल, खड्डे मोकळे करू."