शाळेतील पंक्तिप्रपंच

हजारो विद्यार्थ्यांच्या शाळेत एखादा मुलगा चार वर्षे काढून निघून जातो आणि एकाही शिक्षकाला त्याचे नाव आठवत नाही. हा दोष व्यवस्थेचा की नीतीचा? आम्ही तो नीतीचा मानतो. ज्याला आपण ओळखत नाही, त्याला शिकविण्याचा अधिकार आपणांस कोठून येणार?

न्यूयॉर्क शहरात यावर उपाय योजला गेला. डेबोरा मायर यांनी १९७४ साली पूर्व हार्लेममध्ये एक लहान शाळा काढली. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ज्युलिया रिचमन हे अवाढव्य हायस्कूल मोडून त्याच इमारतीत अनेक छोट्या शाळा नांदू लागल्या. २००० नंतर गेट्स प्रतिष्ठानने अशा शाळांना विपुल द्रव्य दिले. परंतु त्यांपैकी अनेकींत अपेक्षित प्रगती झाली नाही, हे २००९ मध्ये स्वतः बिल गेट्स यांनीच मान्य केले. भिंती घातल्या म्हणजे घर होत नाही. शिक्षकाने मुलाचा भार आपल्या शिरी घेतला, तरच गट लहान केल्याचे सार्थक.

दुसरे भय याहून मोठे आहे. हुशारांचा एक गट आणि मागासलेल्यांचा दुसरा, अशी वाटणी झाली, तर तो पंक्तिप्रपंचच होय. आपल्या देवस्थानांच्या पंगतींतही हे पाप घडलेले आहे. म्हणून ते ओळखणे आपणांस अवघड जाऊ नये. पंगती कितीही बसोत, प्रत्येक पानावर वाढप सारखेच पडले पाहिजे. आपल्या संस्थांच्या चालकांनी वर्गांच्या तुकड्या पाडताना एवढी कसोटी लावावी, अशी आमची विनंती आहे.