नवस आणि नेम

शनिवारी संध्याकाळी जुन्या पनवेलमधून जाताना बेथ एल सिनेगॉगपाशी माझी पावलं आपोआप मंदावतात. १८४९ साली बांधलेलं हे प्रार्थनामंदिर. ज्यांनी ते उभारलं त्या बेने इस्राएल या ज्यू समाजातली बहुसंख्य कुटुंबं १९४८ नंतर हळूहळू इस्राएलला निघून गेली. पनवेलकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावं मात्र आपल्याच गावांची. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात जोडपी वाचली आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले, असं त्यांची परंपरा सांगते. पुढे कित्येक पिढ्या या माणसांजवळ ना पोथी होती, ना पुरोहित. हिब्रू विसरली, घरात मराठी आली, अंगावर नऊवारी आली. राहिलं ते थोडंसंच: ‘शेमा’ ही एक प्रार्थना, मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शनिवारची सुट्टी. शनिवारी त्यांचा तेलाचा घाणा बंद असे, म्हणून कोकणानं त्यांना नाव दिलं शनवार तेली.

त्यांची ओळख कशी पटली, याचीही एक कथा सांगतात. दावीद रहाबी नावाचा ज्यू माणूस कोकणात आला. हे लोक खरोखर आपलेच का, हे पाहायला त्यानं इथल्या बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. बायकांनी पर आणि खवले नसलेले मासे मुकाट बाजूला काढले. ज्यू धर्मात ते चालत नाहीत. हे का, असं कुणी विचारलं असतं तर ‘आमच्यात खात नाहीत’ यापलीकडे त्यांना काही सांगता आलं असतं असं मला वाटत नाही. त्यांचा धर्म पोथीत उरला नव्हता. तो त्यांच्या विळीपाशी सापडला.

शिकलेल्या घरांत एक वाक्य सहज बोललं जातं: माणूस मोठा झाला की देव सुटतो. फ्रॉइडनं १९२७ साली एका पुस्तकात हेच शास्त्राच्या भाषेत मांडलं. लहान मूल असहाय असतं, त्याला सांभाळणारा बाप लागतो. मोठेपणीही ते असहायपण पुरतं जात नाही, मग माणूस आभाळात एक बाप बसवतो. हे वाचलं तेव्हा मी कॉलेजात होते आणि मला ते पटलं. आजही बरंचसं पटतं. आपल्याकडचा नवस बघा. मुलगी पास होऊ दे, पाच नारळ वाहीन. जमिनीचा दावा आमच्या बाजूनं लागू दे, अभिषेक करीन. यात जर आहे, तर आहे, देणंघेणं आहे. खाऊसाठी आईशी सौदा करणाऱ्या मुलाचा स्वर त्यात ऐकू येतो. आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात मध्यरात्री मीही तो स्वर काढलेला आहे, म्हणून त्याला नावं ठेवायला जीभ वळत नाही.

पण फ्रॉइडच्या त्या हिशेबात माझी आत्या बसत नाही.

आमचं घर आगरी. कार्ल्याची एकवीरा आमची आई. आत्याचा मधला मुलगा काविळीनं अंथरुणाला खिळला, तेव्हा तिनं एकवीरेला नवस बोलला: पोर उठू दे, चैत्राच्या यात्रेला पनवेलपासून अनवाणी चालत येईन. पोर उठलं नाही. सोळा वर्षांचा होता. घरात महिनोन् महिने कुणी मोठ्यानं बोललं नाही. चैत्र जवळ आला तशी आत्यानं भावकीतल्या बायकांना सांगितलं, मी येतेय. बाबा शाळामास्तर, आगरकर वाचलेले, देव न मानणारे. त्यांना राहवलं नाही. “ताई, तिनं तुझं काय ऐकलं, म्हणून तू निघालीस?” आत्या तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, “शब्द मी दिलेला. तिनं कुठं दिलेला?”

मी तेव्हा बारा वर्षांची होते. या वाक्यापाशी मी आजवर किती वेळा येऊन थांबले असेन! नवस म्हणून बोललेली गोष्ट तिच्या हातात आल्यावर दुसरंच काहीतरी झाली होती. त्याला आमच्या भाषेत शब्द आहे: नेम. नेमाला जर-तर नसतं. माळ घातलेला वारकरी एकादशी धरतो, दारूला शिवत नाही, वारी चुकवत नाही, आणि त्याबद्दल विठोबाकडे काही मागत नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारा तेली दर आठवड्याला एका दिवसाच्या कमाईवर पाणी सोडत होता. पुढच्या दोन-चारशे वर्षांत कुणी परदेशी येऊन शाबासकी देईल, हे त्याच्या स्वप्नातही नसणार. असल्या श्रद्धेला बालिश म्हणताना माझी जीभ अडखळते. मुलं असं वागत नाहीत.

इथंच विषय संपवता आला असता, तर मलाही बरं वाटलं असतं. पण १६ एप्रिल २०२३ आडवा येतो. आमच्या शेजारी खारघरला, महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात, दासबोधाच्या बैठकांना जाणारे लाखो श्रीसदस्य भर उन्हात उघड्या मैदानावर बसले होते. उष्माघातानं चौदा जण गेले. नंतर ‘भाबडे लोक’, ‘आंधळे भक्त’ असं पुष्कळ ऐकू आलं, आणि मला त्याचा संताप आला. सावलीची सोय करणं हे बोलावणाऱ्यांचं काम होतं, बसणाऱ्यांचं नव्हे. आणि या बैठकांना जाऊन दारू सोडलेली, सुट्टीच्या दिवशी झाडू घेऊन रस्ते झाडणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. तरीही एक प्रश्न मनातून जात नाही. नेम पाळायची सवय लागलेल्या माणसाला ‘ऊन सहन होत नाही, मी उठतो’ हे म्हणता येतं का? आत्याचा नेम तिचा तिनं घेतला होता, मोडायची मुभाही तिचीच होती. दुसऱ्यानं घातलेला नेम विचार न करता पाळणं, ही पुन्हा लहान मुलाचीच गोष्ट होते, मग त्यात कितीही शिस्त असो.

म्हणून मला डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि डॉ. श्रीराम लागू यांचे जाहीर वाद-संवाद आठवतात. देव या कल्पनेलाच आता निवृत्त करा, असं लागूंचं ठाम म्हणणं. दाभोलकरांचा रोख वेगळा होता. देवाधर्माबाबत त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती तटस्थ राही, शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेशी भांडे, आणि श्रद्धा असेल तर तिची चिकित्सा होऊ द्या, एवढं मागे. दोघं एकाच मंचावर बसून एकमेकांशी असहमत होत, आणि लोक ऐकत. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. प्रश्न विचारणाऱ्याचा जीव घेऊन जी वाचवावी लागते तिला श्रद्धा म्हणायला मी तयार नाही. माझ्या आत्याला बाबांनी विचारलेल्या प्रश्नाची भीती वाटली नव्हती. तिनं तांदूळ निवडत उत्तर दिलं होतं.

त्या चैत्रात आत्या निघाली. खोपोलीपर्यंत डांबर तापलेलं, मग बोरघाट. बाबांनी शाळेत रजा टाकली आणि तिच्यासोबत चालत गेले. देवीला नमस्कार करायचा नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. तो त्यांनी तिथेही मोडला नाही. कार्ल्याच्या पायथ्याशी ते एका दगडावर बसून राहिले. आत्या पायऱ्या चढून गेली आणि दुपार कलल्यावर खाली आली. तिच्या तळपायांना फोड आले होते. बाबांनी पिशवी उघडली. घरून निघताना तिच्या चपला त्यांनी तिला न सांगता बरोबर घेतल्या होत्या. फेडून झालं होतं. बाबांनी वाकून त्या तिच्या पायांत घातल्या.