‘आता गेलंच आहे तर…’

बंड्या,

तुझा मेसेज वाचला. ‘आठ महिने पाण्यात गेले’ असं लिहिलंयस, ते वाक्य आधी खोडून टाक. मित्राच्या हळदीत एक सिगारेट ओढलीस, ते घडून गेलं. दुसऱ्या दिवशी टपरीवरून आख्खं पाकीट घेतलंस, ते मात्र या वाक्यापायी. आता गेलंच आहे तर ओढू, असं मनाने घेतलं की माणूस हातात उरलेलंही सोडून देतो. ॲलन मार्लाट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हेच मांडलं होतं: पहिल्या चुकीपेक्षा तिच्यानंतरची शरम आणि ‘आपल्याला जमणारच नाही’ ही समजूत जास्त घात करते. छातीच्या वॉर्डात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. बायकोच्या नजरेला नजर देववत नाही म्हणून जिन्याखाली जाऊन आणखी एक ओढणारे पेशंट असत. त्यांना रागावून काही साधत नसे.

तुझे आठ महिने कुठेही गेलेले नाहीत. चहाबरोबर, जेवणानंतर, साहेबाची बोलणी खाल्ल्यावर न ओढता कसं राहायचं, हे तू शिकलास. दारूची बैठक तेवढी राहिली होती. काही महिने तिथे बसूच नकोस. मित्रांना वाईट वाटलं तर वाटू दे.

पाकीट आजच भिजवून टाक. ‘एवढं संपलं की सोडतो’ हे नको. तल्लफ बहुतेकदा काही मिनिटांत ओसरते, तेवढ्यात जागा बदल, पाणी पी. निकोटीनचा गम डॉक्टरांना विचारून घे, पण साध्या च्युइंग गमसारखा चघळत बसू नकोस. तोंडात चुरचुरलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेव, चुरचुर थांबली की पुन्हा चाव. निकोटीन गालाच्या आतूनच रक्तात जातं. भराभर चावून गिळलंस तर उचकी लागेल, मळमळेल आणि तल्लफ तशीच राहील. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं थांब, नाहीतर तो नीट लागू पडत नाही.

सोडायला मदत करणारा 1800-11-2356 हा नंबर पाकिटावर 2018 पासून छापतात. फुकट आहे, माणसं नीट बोलतात. लाव.

रविवारी जेवायला ये, मधे ओढली असलीस तरी ये. ताईला मी काही बोललेले नाही. सांगायचं ते तूच सांग.

तुझी,
मावशी