संग्रहाचा धनी कोण?

टिपणे ठेवण्याचा छंद ज्यांना आहे, त्यांच्यापुढे आज एक प्रश्न वारंवार उभा राहतो: कात्रणे, उतारे आणि संदर्भ संगणकावर साठवावयाचे, तर कोणती प्रणाली निवडावी? वरवर पाहता हा केवळ सोयीचा प्रश्न आहे. वस्तुतः तो नीतीचाही आहे, असे आम्हांस वाटते. कारण तो सोडविताना आपण आपल्या स्मृतीचा विश्वस्त नेमीत असतो.

तिरुवल्लिकेणीत राहणाऱ्या मराठी माणसास हे अधिकच जाणवते. हवा तो मराठी ग्रंथ येथे शेजारच्या वाचनालयात मिळत नाही. जे जपले तेवढेच हाताशी. आमच्या घरांतील मुले तमिळ व इंग्रजी सहज वाचतात, मराठी मात्र अडखळत. त्यांच्यासाठी काही उरावयाचे, तर ते आमच्या पश्चात उघडता आले पाहिजे.

म्हणून पहिली कसोटी मालकीची. 'गूगल रीडर' २०१३ साली बंद झाले, 'पॉकेट' २०२५ साली. दुसऱ्याच्या वाड्यात ठेवलेली पेटी, वाडा मोडला की उचलावीच लागते. उलट, अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ साली निघालेले 'झोटेरो' विनामूल्य असून संग्रह आपल्याच संगणकावर ठेवते. 'ऑब्सिडियन'मधील टिपणे साध्या मजकुराच्या फायलींत राहतात. ती प्रणाली उद्या नसली तरी त्या वाचता येतील. मराठीपुरते आणखी एक पथ्य आहे: मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या फाँटांत टंकलेले पान, तो फाँट नसला की निरर्थक अक्षरांची रांग होते.

परंतु मालकी आली म्हणजे ज्ञान आले काय? पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली आरंभिलेल्या संस्कृत महाकोशासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या काढल्या गेल्या. चिठ्ठी लिहावयाची तर ग्रंथ वाचावा लागे. आज बोटाच्या एका स्पर्शाने लेख साठतो, न वाचताच. आणि साठविला म्हणजे वाचला, असा गोड भ्रम होतो.

येथून जवळच, चेपॉक येथे, मद्रास विद्यापीठ आहे. त्याचे ग्रंथपाल रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांत पहिला मान ग्रंथाच्या उपयोगाला दिला. १९३३ च्या त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात एकाच विषयाचे अनेक पैलू वेगळे करून पाहिले जातात. बोध असा की, उद्या आपण काय शोधणार याचा विचार आधी, खण मागाहून.

केंद्र सरकारच्या कचेरीतील कारकुनास हे नवे नाही. तेथे निकालात निघालेल्या फायलीचा वर्ग ठरतो: काही कायम जपावयाच्या, काही फार तर दहा वर्षे. कोणी म्हणेल, संगणकात जागा स्वस्त आहे, मग छाटणी कशासाठी? जागा स्वस्त असेल; पण वाचणाऱ्याचे आयुष्य तेवढेच राहिले आहे, आणि आपण न केलेली निवड अखेर वारसाच्या माथी पडते. तीही अशा वारसाच्या, ज्यास ती भाषा पुरती येत नाही.

तेव्हा प्रणाली अशी घ्यावी, जी सोडून जाता येईल. आणि प्रत्येक कात्रणाबरोबर, ते का ठेवले, हे एका वाक्यात स्वतः लिहावे. जेथे ते वाक्य सुचत नाही, तेथे कात्रण ठेवण्याचे कारणही बहुधा नसते.