मुलींनी कशासाठी धावावे?

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे प्रातःकाळी विवराच्या बाजूने फिरावयास निघाले म्हणजे खाली उल्कापाताने झालेल्या त्या प्रचंड खळग्यातील खारे सरोवर दिसते, आणि वर रस्त्याने धावणाऱ्या काही मुली दिसतात. पोलीस भरतीसाठी त्यांचा हा सराव चाललेला असतो. भरतीच्या चाचणीत मुलींस ८०० मीटर धावावे लागते. त्यांपैकी एकीशी आमचे बोलणे झाले. ती म्हणाली, "सर, सातवीत होते तेव्हा पळाले की आजी रागवायची, आता तीच पहाटे उठवते."

ह्या साध्या वाक्याने आम्हांस विचारात पाडले. धावणे तेच, नातही तीच. मध्ये आली ती केवळ नोकरीची आशा.

तथापि एकट्या आजीस दोष देणे न्याय्य होणार नाही. ह्याच ८०० मीटरांची शर्यत स्त्रिया १९२८ साली ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिक सामन्यांत प्रथम धावल्या. जर्मनीच्या लीना राडके हिने जागतिक उच्चांक करून ती जिंकली. परंतु काही स्पर्धक शेवटी दमलेल्या दिसल्या, एवढ्यावरून वृत्तपत्रांनी गहजब केला. आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकपर्यंत ही शर्यत स्त्रियांसाठी पुन्हा झाली नाही. पुरुष दमला तर तो पराक्रम आणि स्त्री दमली तर ती दुर्बलता, असा हा न्याय!

महाराष्ट्रकन्यांनी ह्या समजुतीस उत्तर दिलेले आहे. नाशिक जिल्ह्यातील कविता राऊत हिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत १०,००० मीटरांत कांस्यपदक मिळविले. सातारा जिल्ह्यातील ललिता बाबर २०१६ साली रिओ येथे ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली. परंतु ह्या उदाहरणांवरून आपण भलताच बोध घेतो. पदक किंवा पगार मिळणार असेल तर मुलीने धावावे, एरवी घरी बसावे, असा तो बोध होय.

कोणी म्हणेल, हेतू कोणताही असो, मुलगी धावते आहे ना? पण भरतीत निवडल्या जाणाऱ्या थोड्या. उरलेल्यांचे धावणे निकालाच्या दिवशीच संपते, आणि आरोग्याच्या सवयीऐवजी अपयशाची लाज तेवढी पदरी पडते. आत्मविश्वास कौतुकाने येत नाही. काल ज्या वळणावर थांबावे लागले ते आज ओलांडले, हे जिला स्वतःच्या श्वासावरून कळते तिच्या ठायी तो आपोआप उपजतो. म्हणून धावण्याचे शिक्षण दहाव्या-अकराव्या वर्षी, म्हणजे त्यावर काहीच अवलंबून नसताना, सुरू झाले पाहिजे. शिक्षकाने प्रत्येकीस बोलता येईल इतक्याच वेगाने धाववावे. पोटात अन्न आहे की नाही ते पाहावे. विश्रांतीस आळस म्हणू नये. आणि तुलना करावयाची ती जिची तिच्याशीच करावी. पालकांचे काम ह्याहून सोपे आहे: वाट अडवू नये.

लोणारची ती मुलगी भरतीत निवडली जावी अशी आमची मनापासून इच्छा आहे. परंतु ती निवडली गेली नाही, तर दुसऱ्या दिवशी आजी तिला पहाटे उठवील काय? मुलींच्या धावण्याविषयी आपले खरे मत काय आहे, ते त्या पहाटेच कळेल.