पौलाच्या नावाचे पत्र

प्रीती सर्व काही खरे मानते. मग पाळकसाहेबांच्या नावाने ई-मेल आला की, ‘मी सभेत आहे, फोन करू नका, एका आजाऱ्यासाठी त्वरित पैसे पाठवा,’ तर शंका घेणे हे पाप होय काय?

थेस्सलनीकाच्या मंडळीस, आमच्या नावाने आलेल्या पत्राने गडबडून जाऊ नका, असे पौलाने बजावले; आणि पत्राच्या शेवटी स्वहस्ते सलाम लिहून तीच आपली खूण ठरविली. प्रेषिताने स्वतःच आपली पारख करू दिली! ई-मेलास हस्ताक्षर नसते. वर नाव कोणाचेही घालता येते. इसहाकास आवाज याकोबाचा वाटला होता, तरी तो हातावरील केसांना भुलला. म्हणून हातखंब्याच्या बंधूने पूर्वीपासून जवळ असलेल्या क्रमांकावर फोन करून पाळकांचा आवाज ऐकावा. पत्रातील क्रमांकावर नव्हे. विचारल्याने पाळक रागावलेच, तर दोष विचारणाऱ्याचा नव्हे.

पैशापेक्षा मोठी हानी निराळीच आहे: एकदा फसलेली मंडळी पुढे खऱ्या आजाऱ्याच्या हाकेसही दार लावते. तसेच, फसलेला मनुष्य लाजेने गप्प बसतो आणि तोवर पैसे दुसऱ्या खात्यांत जातात. त्याने तत्काळ १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे; उपदेशकांनी त्याच्या सोबत बसावे.